विरारपर्यंत एक वीज, विरारच्या पुढे दुसरी

आम्ही कैनाडच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आज सांगायची आहे आपल्या रेल्वेलाइनची गोष्ट, पण तिची सुरुवात झाली आमच्या बैठकीत, एका कर्जाच्या अर्जावरून.

आमच्या एका सदस्येची मुलगी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करते. दुसऱ्या वर्षाला तिचा एक विषय राहिला, एसी सर्किटचा. आईने पुन्हा कर्ज मागितलं. पहिलं अजून फिटायचं होतं. कुणी म्हणालं, पोरीला झेपत नसेल तर पैसा कशाला घालायचा? मग एक म्हातारी सदस्य म्हणाली, "अगं, तिला बोलवा तरी. काय येत नाही ते ती सांगेल."

मुलगी वही घेऊन आली. तिचं गणित असं होतं. एका सर्किटमध्ये 3 ओहमचा रेझिस्टन्स आहे आणि त्याला जोडून तारेची गुंडाळी, तिचा अडथळा 4 ओहम. दोन्ही मिळून विजेला अडथळा किती? आम्ही सगळ्या म्हणालो, 7. ती हसली. "मी पण पेपरात सातच लिहिलं होतं. उत्तर 5 आहे."

आम्ही चक्रावलो. पण आमच्यात एक गवंड्याच्या हाताखाली काम केलेली बाई आहे. ती लगेच म्हणाली, "तीन, चार, पाच? हा तर गुण्या." घराचा पाया आखताना गवंडी एका बाजूला तीन हात, दुसऱ्या बाजूला चार हात मोजतो आणि तिरकी दोरी पाच हात भरली की कोपरा काटकोनात आला असं धरतो. मुलगी वहीतली आकृती दाखवायला लागली. तोच त्रिकोण होता.

असं का होतं? आपल्या घरातली वीज एका सेकंदात 50 वेळा पुढे-मागे होते. ती एसी. बॅटरीची वीज एकाच दिशेने जाते, ती डीसी. एकाच उखळात दोघी कांडतात तेव्हा दोन मुसळं एकदम खाली येत नाहीत, एकीचा ठोका मागे राहतो. गुंडाळीतही वीज अशीच दाबाच्या मागे राहते, नेमकी पाव फेरा मागे. म्हणून तिचा अडथळा सरळ बेरजेत धरता येत नाही, काटकोनात धरावा लागतो. शेतातल्या मोटरपंपात गुंडाळ्याच असतात. तिथे कपॅसिटर लावतात तो हे मागे राहणं भरून काढायला. चार्ल्स स्टाइनमेट्झ नावाच्या इंजिनियरने 1893 मध्ये शिकागोच्या परिषदेत अशी गणितं सोडवायची सोपी रीत मांडली. त्याआधी मोठमोठ्या इंजिनियरांचाही यात घाम निघायचा. हे ऐकून मुलीच्या आईला जरा बरं वाटलं.

आता आपल्या लाइनवर येऊ. मुंबईत विजेची पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदर ते कुर्ला धावली. आपल्या पश्चिम बाजूला 1928 मध्ये बोरिवलीपर्यंत वीज आली आणि 1936 मध्ये विरारपर्यंत. ही सगळी 1500 व्होल्टची डीसी. विरारच्या पुढे वीज यायला 1970 चं दशक उजाडलं. तोवर देशाने रेल्वेसाठी 25,000 व्होल्टची एसी ठरवली होती, म्हणून आपल्याकडे तीच आली.

इतका जास्त दाब कशाला? हे गणितही मुलीने करून दाखवलं. समजा इंजिनला 30 लाख वॅट शक्ती लागते. 1500 ने भागा, 2000 अँपिअर. 25,000 ने भागा, फक्त 120. तार गरम होऊन वीज वाया जाते ती अँपिअरच्या वर्गाप्रमाणे. तार तीच धरली तर नुकसान पावणेतीनशे पटींनी कमी! म्हणून एसीला तार बारीक चालते आणि सबस्टेशनही लांब लांब ठेवता येतात.

पण यात आपली अडचण झाली. मुंबईच्या लोकल डीसीवर चालणाऱ्या, त्या विरारलाच थांबायच्या. लांबच्या गाड्यांसाठी दोन्ही विजांवर चालणारी खास इंजिनं बनवावी लागली. चर्चगेटहून विरार सुमारे 60 किलोमीटर, डहाणू रोड 124. अर्धी वाट लोकलची, उरलेली शटलची. टोपली डोक्यावर घेऊन विरारला गाडी बदलताना किती जणींची फुलं-भाजी चेंगरली, ते आपल्यालाच माहीत. बाया म्हणायच्या, डहाणूची कुणाला पर्वा नाही. तेही काही खोटं नव्हतं, पण वरच्या तारेतही एक कारण होतं, ते आम्हाला आता कळलं.

फेब्रुवारी 2012 मध्ये चर्चगेटपर्यंतची पश्चिम लाइन पूर्ण एसी झाली. 16 एप्रिल 2013 पासून लोकल डहाणू रोडला यायला लागली. आताच्या गाड्यांत वरची एसी आधी डीसी करतात आणि मग तिची पुन्हा एसी, पण मोटरला हव्या त्या वेगाची. ब्रेक लावला की मोटरच वीज तयार करून तारेत परत पाठवते.

या कामात बायका कुठे? मद्रासच्या ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या, कडेवर तान्ही मुलगी. 1940 मध्ये त्या गिंडीच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकायला गेल्या. पुढे त्यांनी भाक्रा-नांगलच्या विजेच्या लाइनींवर काम केलं. आणि आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव, शेतकऱ्याची मुलगी. त्यांनी कराडच्या सरकारी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रिकलचाच डिप्लोमा केला. 1989 मध्ये मध्य रेल्वेत सहायक ड्रायव्हर झाल्या, 2000 मध्ये त्यांनी बायकांची खास लोकल चालवली, 8 मार्च 2011 ला डेक्कन क्वीन आणि 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत. घाटात गाडी चालवणाऱ्या बाईनेही कधीतरी वहीत हा तीन-चार-पाचचा त्रिकोण काढला असणारच.

कर्जावर हात वर करायला सांगितलं तेव्हा दोघींनी केला नाही. त्यांचं म्हणणं होतं, पैसा गटाचा आहे, मुलगी पुन्हा राहिली तर काय? हा प्रश्न आम्ही वहीत लिहून ठेवलाय. कर्ज मंजूर झालं, हप्ता परीक्षेनंतर सुरू होईल. अट एकच, दर बैठकीला तिने एक गणित आम्हाला समजावून सांगायचं. पुढच्या महिन्यात घरातल्या इन्व्हर्टरचं आहे. गवंडीकाम केलेल्या आमच्या बाईने आधीच विचारून ठेवलंय, त्यातही गुण्या लागतो का?