शेतीपंपाचा आकडा आणि वीज मंडळाचा प्लॅन

पीएचडीला येण्याआधी एक सवय लावून घ्या. कुठलाही आकडा दिसला की विचारायचं, हा मोजलेला आहे की काढलेला? महाराष्ट्राच्या वीज नियोजनाचा इतिहास वाचताना तर हा प्रश्न पावलोपावली पडतो.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात उजनीच्या पाण्यावर ऊस वाढला, तसे विजेचे पंपही वाढले. राज्यभर अशा लाखो पंपांना बरीच वर्षं मीटरच नव्हता. बिल यायचं पंपाच्या हॉर्सपॉवरवर. त्यामुळे शेतीला किती युनिट लागले हे महाराष्ट्र राज्य वीज मंडळ अंदाजाने धरायचं. आता गणित बघा. पुरवलेली एकूण वीज, त्यातून मीटरवर मोजलेली विक्री वजा, शेतीचा अंदाज वजा, आणि उरेल ती गळती. म्हणजे अंदाज जास्त धरला की गळती आपोआप कमी दिसणार. तारांमधली गळती आणि शहरातली चोरीसुद्धा शेतकऱ्याच्या नावावर!

अशा आकड्यांवर पुढचा प्लॅन कसा व्हायचा? मागची वाढ पुढे ओढायची, मागणी काढायची आणि तेवढी केंद्रं बांधायची. याला पहिला जोरदार धक्का दिला बंगळूरच्या अमूल्य रेड्डींनी. हो, तेच बॉक्रिस-रेड्डीमधले रेड्डी, ज्यांचं इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचं पुस्तक आपण एम.एस्सी.ला चाळतो. त्यांचं म्हणणं, माणसाला युनिट नको असतं. उजेड हवा असतो, पाणी हवं असतं. पंपाचा फुटव्हॉल्व्ह आणि पाइप बदलला तर तेच पाणी कमी विजेत मिळतं. 1990 च्या सुमारास त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकासाठी असा आराखडा मांडला. सरकारी अंदाजाच्या निम्म्याहून कमी विजेत भागेल, असं त्यातून निघालं.

महाराष्ट्रात मात्र तेव्हा उलट चाललं होतं. 1992 मध्ये एन्रॉनशी दाभोळचा समझोता झाला, 1993 मध्ये वीजखरेदी करार. वीज घ्या न घ्या, स्थिर आकार भरायचाच. मे 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि दोनच वर्षांत, मे 2001 मध्ये, तो बंदही पडला. वाद गाजला तो भ्रष्टाचार आणि परदेशी कंपनी यावरून. मला मात्र त्यातला मागणीच्या अंदाजाचा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो.

पुण्यातल्या ‘प्रयास’चे गिरीश संत आणि शंतनू दीक्षित नेमकं तेच तपासत होते: शेतीला खरंच किती वीज जाते, सबसिडी कोणाला मिळते, सगळ्यात स्वस्त पर्याय कोणता. दोघांकडे सरकारी अधिकार काही नव्हते. मंडळाचीच कागदपत्रं आणि चिकाटी, एवढंच भांडवल. 1999 मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला आणि दर ठरवताना जाहीर सुनावणी सुरू झाली. तिथे हे प्रश्न मंडळाला टाळता येईनात. आधी 15-18 टक्के दाखवली जाणारी गळती 2000 मध्ये 30 टक्क्यांच्या वर निघाली.

पुढे 2005 मध्ये मंडळाचं विभाजन झालं. सोलापूरजवळ एनटीपीसीचं 1320 मेगावॅटचं कोळसा केंद्र 2017 ते 2019 मध्ये सुरू झालं, तेही उजनीच्याच पाण्यावर. 2017 पासून शेतीचे फिडर सौरऊर्जेवर नेण्याची योजना आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणं ही त्यातली मोठी गोष्ट. पण किती मेगावॅट सोलर लावायचं हे पुन्हा त्या फिडरच्या वापरावरूनच ठरणार. आणि फिडरच्या तोंडाशी बसवलेला मीटर पंपाने किती वीज घेतली आणि वाटेत किती गेली हे वेगळं सांगत नाही. विषय शोधत असाल तर एखादा फिडर घ्या आणि इथून सुरुवात करा.