डिस्पोजलची जीप

मामूंचा चाळिसावा झाला आणि वाटणीचा विषय निघाला. घर आणि थोडी जमीन यांचा हिशोब तासाभरात मिटला. अडलं ते अंगणातल्या जीपवर. थोरला म्हणाला, "ही 1944ची मिलिटरी फोर्ड, हिचे भरपूर पैसे येतील." धाकटा म्हणाला, "भंगार आहे, किलोवर मोजा." तो असं म्हणत होता, कारण जीप त्यालाच ठेवून घ्यायची होती. बहिणींचा हिस्सा यातल्या कोणत्या आकड्यावर धरायचा? शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं आणि मी टॉर्च धरून त्यांच्या मागे उभा राहिलो.

थोरल्याचा सगळा भरवसा डॅशबोर्डवरच्या पितळी पट्टीवर होता. उस्तादांनी ती वाचलीसुद्धा नाही. "बेटा, पट्टी चार स्क्रूंवर असते. चासी बघू," म्हणत ते पुढच्या बंपरखाली आडवे झाले.

ही गाडी मुळात दोन कारखान्यांची. 1940 साली अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीनं दिला, पण मोठं काम विलीज आणि फोर्डला मिळालं. दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बाहेर काढल्या. विलीजची ती एमबी आणि फोर्डची ती जीपीडब्ल्यू. जीपीडब्ल्यूमधला डब्ल्यू विलीजचाच, कारण आराखडा त्यांचा होता. सुटे भाग एकमेकांना बसावेत अशीच अट होती, त्यामुळे वरून पाहून फरक कळत नाही. तो कळतो रेडिएटरखालच्या चेसिसच्या आडव्या दांडीवरून. विलीजची दांडी गोल नळीची, फोर्डची पत्रा वाकवून केलेली चौकोनी. फोर्डनं तर बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा आपला एफ उमटवला होता.

आमची दांडी गोल निघाली. थोरल्याचा चेहरा उतरला. मग दोनचार बोल्टांवर एफ सापडले आणि तो पुन्हा खुलला! उस्ताद हसले. लष्करी वर्कशॉपमध्ये जो भाग हाताला येई तो बसवत, त्यामुळे बोल्टांवरून गाडीची जात ठरत नाही.

युद्ध संपलं तेव्हा आसाम आणि बंगालमध्ये अमेरिकन सामानाचे ढीग पडले होते. परत नेणं परवडणारं नव्हतं. त्यातलं बरंचसं सरकारकडे आलं आणि लिलावात निघालं. 'डिस्पोजल' हा शब्द आपल्या गॅरेजांत आला तो तेव्हा. त्याच काळात मुंबईत एक पोलाद कंपनी उभी राहिली, महिंद्रा अँड मोहम्मद. हे मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मुहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. 1948 साली कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली आणि माझगावला विलीजच्या जीप जोडू लागली. मामू ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगत. त्यात अभिमान जास्त होता की हळहळ, हे मला कधी कळलं नाही.

या महिंद्रा जीपमुळेच आज ओळख पटवताना गोंधळ होतो. डावीकडचं स्टिअरिंग म्हणजे मिलिटरी, असं लोक समजतात. पण महिंद्राच्या जीपही कित्येक वर्षं डाव्या स्टिअरिंगच्याच होत्या. जाळीतल्या फटी मोजाव्यात. युद्धातल्या जीपला नऊ, नंतरच्या नागरी जीपला सात. युद्धातल्या गाडीचे हेडलाइट लहान आणि आत बसवलेले. ते उलटे फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येतो. मागे उघडणारी फळी नसते आणि पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. आमच्या जीपला नऊ फटी होत्या, टाकीही सीटखालीच. इंजिन मात्र कधीतरी बदलून डिझेलचं घातलेलं.

न बघता जुनी जीप घेतली की काय होतं, हे खुद्द सरकारनं अनुभवलंय. 1948 साली काश्मीरमध्ये लढाई चालू असताना लंडनमधले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी परदेशी कंपनीशी वापरलेल्या जीपचा करार केला. रक्कम 80 लाख, त्यातली बरीचशी आगाऊ दिली. जीप आल्या 155, आणि त्या लष्कराच्या कामाच्या नव्हत्या. संसदेत गदारोळ झाला. 1955 साली सरकारनं प्रकरण बंद झाल्याचं जाहीर केलं आणि 1956च्या फेब्रुवारीत मेनन केंद्रात मंत्री झाले. आमच्या धाकट्याच्या मते घोटाळ्यातलीच एखादी जीप आपल्या अंगणात असावी. तेवढाच भाव पाडायचा प्रयत्न!

उस्तादांनी शेवटी डाव्या बाजूला, चेसिसच्या आतल्या अंगाला, रंगाचे थर खरवडले. रिबिट मारलेली छोटी पट्टी निघाली. तिच्यावरचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी अंकन् अंक जुळला. तेव्हा ते पहिल्यांदा किमतीबद्दल बोलले. मूळ चेसिस आणि जुळणारे कागद, याचे पैसे आहेत. इंजिन मूळचं नाही आणि फरशीचा पत्रा नवा आहे, त्याचे कापा. कागद नसते तर धाकट्याचं बरोबर ठरलं असतं, ते म्हणाले.

त्यांनी सांगितलेला आकडा थोरल्याच्या निम्म्याहून कमी आणि धाकट्याच्या कितीतरी पट होता. जीप धाकट्यानं ठेवली, बाकीच्यांचे हिस्से रोख ठरले. पहिला हप्ता दिला त्या दिवशी मोठ्या आपानं पाकीट तिथंच फोडलं आणि सगळ्यांसमोर नोटा दोनदा मोजल्या.