परदेशप्रवासातील सरकारी वैद्यकीय साहाय्य

परदेशप्रवासातील सरकारी वैद्यकीय साहाय्य : स्वदेशाची सीमा ओलांडून गेलेल्या प्रवाशास परक्या राज्याच्या खजिन्यातून चालणाऱ्या रुग्णालयांत उपचार मिळावेत म्हणून प्रस्थानापूर्वी करावयाची तजवीज, तसेच अशा प्रवाशासाठी त्याच्या स्वतःच्या सरकारने परमुलखात उभारलेली व्यवस्था. सरकारी उपचारांवरील हक्क वास्तव्य, करभरणा किंवा विम्याची वर्गणी यांपैकी एखाद्या नात्याने त्या त्या राज्याशी बांधलेला असतो आणि चार महिन्यांच्या पाहुण्यापाशी यांतील एकही नाते नसते. ही अडचण काही राष्ट्रांनी परस्परांशी करार करून आपल्या नागरिकांपुरती दूर केली आहे. युरोपीय संघातील प्रवाशास पूर्वी ‘ई १११’ या नमुन्यावर आणि २००४ पासून युरोपीय आरोग्य विमापत्रावर संघातील दुसऱ्या देशात तेथील रहिवाशाच्याच अटींवर आवश्यक ते उपचार मिळतात. ऑस्ट्रेलियानेही असे करार अकरा राष्ट्रांशी केले आहेत. ब्रिटनच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या अशा यादीत भारताचे नाव नाही.

पैनगंगेच्या काठचे मेहकर, जे अकबराच्या कारकिर्दीत वऱ्हाड सुभ्यातील एका ‘सरकार’चे मुख्य ठाणे होते आणि आज बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे, तेथील रहिवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, जे संरक्षण त्याला घरी सहज लाभते ते विमानात पाऊल ठेवताच संपते. मेहकरात १०८ क्रमांकावर बोलावलेली रुग्णवाहिका विनामूल्य येते. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेचे कार्ड दर कुटुंबास दर साल पाच लाख रुपयांपर्यंत देशातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात चालते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकास, त्याचे उत्पन्न काहीही असो, तो लाभ खुला झाला आहे. परंतु हेच कार्ड घेऊन मुलाकडे लंडनला किंवा न्यू जर्सीला निघालेल्या वृद्ध दांपत्यास त्याचा परदेशात कवडीइतकाही उपयोग नाही, ही गोष्ट प्रवासाच्या गडबडीत अनेकदा कोणी त्यांना सांगत नाही.

भारतीय प्रवाशासाठी सरकारने परदेशात केलेली सर्वांत जुनी आणि सर्वांत भरीव व्यवस्था हजयात्रेकरूंची होय. तिचा उगम मात्र यात्रेकरूच्या कळवळ्यात नसून साथीच्या धास्तीत आहे. १८६५ साली मक्केत पटकीचा उद्रेक झाला आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर तो भूमध्य समुद्राकाठच्या बंदरांत पोहोचला, तेव्हा युरोपीय सत्तांनी १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे आरोग्य परिषद भरविली. पुढे तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर हिंदुस्थानातून आलेल्या यात्रेकरूंना विलग ठेवण्याचे ठाणे उघडले गेले आणि १८८६ मध्ये यात्रेकरूंच्या जहाजप्रवासाची व्यवस्था टॉमस कुक कंपनीकडे सोपविण्यात आली. वऱ्हाडातला यात्रेकरू त्या काळी मुंबई गाठून तेथून आगबोटीने जेद्द्यास जाई. १९९५ नंतर हा जलमार्ग बंद पडला आणि आज मेहकरचा यात्रेकरू विमानानेच जातो.

स्वतंत्र भारताने या वारशातील धास्ती मागे टाकून सेवेचा भाग वाढविला, हे निःसंशय श्रेयाचे आहे. ज्याची निवड मुंबईस्थित भारतीय हज समितीमार्फत झाली आहे, अशा यात्रेकरूची वैद्यकीय तपासणी होऊन सरकारी डॉक्टरकडून त्यास प्रकृतीच्या योग्यतेचा दाखला मिळतो आणि मेंदूज्वरप्रतिबंधक लस टोचली जाते. ही लस सौदी अरेबियात पोहोचण्यापूर्वी किमान दहा दिवस घेतलेली असावी लागते. तेथे पोहोचल्यावर जेद्द्याच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या देखरेखीखाली मक्का व मदिना येथे हंगामापुरती रुग्णालये व दवाखाने चालतात, त्यांत केंद्र व राज्य सरकारांच्या सेवेतून पाठविलेले डॉक्टर आणि परिचारक असतात, आणि त्यांच्या आवाक्यापलीकडचा रुग्ण सौदी सरकारच्या रुग्णालयात दाखल केला गेल्यास तेथेही त्याच्याकडून मोबदला घेतला जात नाही. हिंदी वा उर्दूत आपले दुखणे सांगता येणे ही वृद्ध, अल्पशिक्षित यात्रेकरूच्या दृष्टीने औषधाहून लहान गोष्ट नव्हे.

या व्यवस्थेचा आधार नोंदणी आहे आणि नोंदणीबाहेरच्या माणसाला तिची सावली मिळत नाही. २०२४ च्या हजच्या वेळी मक्केत पारा ५१ अंशांपलीकडे गेला व सौदी सरकारने जाहीर केल्याप्रमाणे १,३०१ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी ८३ टक्के लोक विनापरवाना आलेले होते आणि निवाऱ्याविना, उन्हातून लांबच लांब चालत राहिले होते. कमी खर्चाचे आमिष दाखवून भेटीच्या परवान्यावर हजला नेणाऱ्या दलालापासून गावोगावच्या लोकांना सावध करणे हे म्हणूनच आरोग्याचेच काम आहे.

अन्य देशांत प्रवेशाचा मार्ग शुल्काचा किंवा विम्याचा आहे. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. सहा महिन्यांहून अधिक काळासाठी तेथे जाणाऱ्या परकीयास एप्रिल २०१५ पासून आरोग्य अधिभार द्यावा लागतो. आरंभी तो वार्षिक २०० पौंड होता, फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५ पौंड झाला. विद्यार्थ्यास ७७६ पौंड पडतात आणि परवान्याच्या संपूर्ण मुदतीची रक्कम अर्जाबरोबरच भरावी लागते. ती भरणारा तेथील रहिवाशाप्रमाणे सेवेस पात्र होतो. मात्र तेथे पोहोचताच मोहल्ल्यातील डॉक्टरकडे नाव नोंदविणे त्याच्याच हाती असते. परिचारिका आदी आरोग्यसेवकांच्या परवान्यास या अधिभारातून सूट आहे. उलटपक्षी सहा महिन्यांपर्यंतच्या पाहुण्यास अपघात विभागातील तातडीचे उपचार फुकट मिळाले, तरी रुग्णालयात दाखल होताच दीडपट दराने आकारणी सुरू होते, आणि ते देणे थकले तर पुढचा व्हिसा अडू शकतो.

युरोपातील शेंगेन देशांच्या अल्पकालीन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा आहे. कॅनडात आईवडिलांना दिल्या जाणाऱ्या दीर्घ मुदतीच्या ‘सुपर व्हिसा’साठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरांचा विमा लागतो. अमेरिकेत पाहुण्यासाठी सरकारी सेवा जवळजवळ नाहीच. १९८६ च्या कायद्याने रुग्णालयास तातडीचा रुग्ण पैशाअभावी परत पाठविता येत नाही, पण बिल माफ होत नाही. मुलाने आईवडिलांना ग्रीन कार्डावर कायमचे नेले, तरी पासष्टीनंतरच्या सरकारी विम्याची वर्गणी भरण्याचा अधिकार त्यांना सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतरच मिळतो. मेहकरचे घर विकण्यापूर्वी कुटुंबाने हा हिशेब मांडावा.

आखाती देशांत मजुरीस जाणाऱ्याची स्थिती सर्वांत नाजूक आहे. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२५ पासून सर्वच अमिरातींत कामगाराचा आरोग्यविमा उतरविणे मालकावर बंधनकारक झाले आहे. भारत सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना २००३ मध्ये सुरू झाली. ज्यांच्या पारपत्रावर स्थलांतर-तपासणीची अट आहे त्यांना ती सक्तीची असून दोन वर्षांच्या २७५ रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व यांसाठी दहा लाखांचे संरक्षण मिळते. २००९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून दूतावास निराधार रुग्णाच्या तातडीच्या उपचारांचा आणि मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च करू शकतात. तथापि निधी म्हणजे अर्जावर, गरज पाहून दिलेले साहाय्य, हक्क नव्हे. परदेशांशी झालेल्या सामाजिक सुरक्षा करारांतही, उदाहरणार्थ सप्टेंबर २००९ मध्ये अमलात आलेल्या बेल्जियमबरोबरच्या करारात, मुख्य भर निवृत्तिवेतन व भविष्यनिर्वाह निधी यांवर आहे. यात्रेकरूसाठी जे सरकारला चाळीस दिवसांपुरते साधते, ते वर्षानुवर्षे परमुलखात घाम गाळणाऱ्या कामगारासाठीही करारान्वये मागितले गेले पाहिजे.

तोवर तजवीज घरूनच करावी लागते. जुना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार विम्याच्या अर्जात लपवू नये, कारण तेवढ्याच कारणाने दावा नाकारला जातो. औषधांची मूळ रासायनिक नावे लिहिलेली डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी आणि प्रवासाच्या मुदतीस पुरेल इतकी औषधे मूळ वेष्टनातच हाताशी ठेवावीत. अमिरातीत कोडीनसारख्या अफूजन्य द्रव्यांवर कडक निर्बंध आहेत आणि दिवाळीच्या अनारशांवरची खसखससुद्धा तेथे निषिद्ध आहे. कामगाराने पारपत्र, नोकरीचा करारनामा व विमापत्र यांच्या नकला मेहकरात घरी ठेवून जाव्यात, कारण तो रुग्णालयात पडल्यावर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार दाखल करणारे त्याची पत्नी किंवा भाऊ हेच असतात आणि त्यांना पारपत्राचा क्रमांक लागतो.