सौर संच: पॅनल टिकतो, बॅटरी जाते! पाड्यावरच्या घरांनी काय पाहावं?

डोंगरातल्या ज्या पाड्यांपर्यंत विजेचे खांब नेणं अवघड, तिथं सौर संच हाच मार्ग. २०१७ साली सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत अशा घरांसाठी २०० ते ३०० वॅटचा पॅनल, बॅटरी, ५ एलईडी दिवे, एक पंखा, एक प्लग आणि ५ वर्षांची देखभाल अशी तरतूद होती.

अडचण येते ती नंतर. पॅनल २०-२५ वर्षं चालतो, पण लेड-ॲसिड बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षांत संपते. म्हणजे देखभालीची मुदत सरते आणि त्याच सुमारास बॅटरीही जाते. लोक म्हणतात, सोलर बिघडलं. पॅनल मात्र छपरावर ठणठणीत असतो!

बिहारमधल्या धरनई गावात २०१४ साली १०० किलोवॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. पुढं गावात तारेची स्वस्त वीज आली, बॅटऱ्या थकल्या आणि प्रकल्प बंद पडला.

बॅटरी टिकवायची कशी?

२०० वॅटचा पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला पाऊण ते एक युनिट वीज देतो. ९ वॅटचे ५ दिवे ५ तास लावले तर पाव युनिटही लागत नाही. इस्त्री, हीटर मात्र या संचावर चालवूच नये. कंट्रोलरवर बॅटरी उतरल्याचा लाल दिवा लागला की पंखा बंद करावा. रोज पूर्ण रिकामी होणारी बॅटरी लवकर मरते. पाणी भरायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. हापशाच्या पाण्यातले क्षार बॅटरी खातात. पॅनलचं तोंड दक्षिणेला हवं. फांदीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी वीज बरीच घटते, त्यामुळं फांदी छाटलेली बरी. पावसाळ्यात ढग आठवडाभर हटत नाहीत, तेव्हा एक-दोन दिव्यांवर भागवावं.

संच बसवतानाच बिल, वॉरंटी कार्ड आणि दुरुस्तीवाल्याचा नंबर मागून घ्या. नंतर कुणी फिरकत नाही, हा बऱ्याच ठिकाणचा अनुभव आहे.

नव्या बॅटरीचे पैसे एकदम काढणं जड जातं. घरटी महिना १५० रुपये बचत गटात टाकले तर ५ वर्षांत ९,००० होतात. जुनी बॅटरी फेकू नका, तिच्यात शिसं आणि ॲसिड असतं. नवी घेताना दुकानदार ती परत घेऊन किमतीत सूट देतो.