बाणाचे वजन आणि वेग : कंपाउंड धनुष्य

कंपाउंड धनुष्याने सोडायच्या बाणाचे वजन आणि त्याचा वेग यांचा बसवलेला मेळ. धनुष्य तेच, ताण तोच. बाण हलका केला की सुसाट जातो, जड केला की मंदावतो, पण लागतो जोरात. शिकारीला मुभा असलेल्या देशांत या मेळाचा हिशेब जनावराच्या बरगडीपाशी होतो. भारतात तो ५० मीटरवर उभ्या केलेल्या कागदी लक्ष्यापाशी होतो. गेल्या काही वर्षांत त्या कागदाच्या मधोमध सातत्याने बाण रोवणाऱ्यांत नागपूर, सातारा आणि बुलढाण्याची मुले-मुली आहेत.

मापे : बाणाचे वजन जगभर ग्रेनमध्ये सांगतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. मूळ कल्पना धान्याच्या दाण्याची. ऐकायला हे माप परके वाटते, पण नागपूरच्या गांधीबाग-इतवारी पट्ट्यात ते वेगळ्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. ब्रिटिश अमदानीत ठरलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा, आणि ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये पाडलेला चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. तोळ्याचे १२ मासे, माशाच्या ८ गुंजा. म्हणजे मासा १५ ग्रेनचा आणि गुंज पावणेदोन ग्रेनहून किंचित जड.

या हिशेबाने ३६० ग्रेनचा बाण म्हणजे जुन्या मापाने बरोबर दोन तोळे. आजचा व्यवहारातला तोळा १० ग्रॅमचा असल्यामुळे नव्या हिशेबाने तो २३.३ ग्रॅम, सव्वादोन तोळ्यांच्या थोडा वर. पुढचे टोक साधारण १०० ग्रेनचे, म्हणजे पावणेसात माशांच्या आतबाहेर. सराफाच्या पेढीवर बाण ठेवला तर तो एखाद्या हलक्या गोफाइतका भरेल. पन्नास मीटर लांबून येणारी आणि फळीत खुपसणारी वस्तू एवढीच असते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही.

वेग फूट प्रति सेकंदात मोजतात. ३०० फूट म्हणजे ९१ मीटर प्रति सेकंद, ताशी सुमारे ३३० किलोमीटर.

धनुष्य : अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन याने दोरीच्या टोकांना कप्प्या बसवून हे यंत्र तयार केले. त्याने पेटंटसाठी १९६६ मध्ये अर्ज केला आणि १९६९ च्या डिसेंबरात ते त्याला मिळाले. साध्या धनुष्यात दोरी जितकी ओढावी तितका भार वाढत जातो आणि नेम धरायच्या क्षणी तो सर्वाधिक असतो. कंपाउंडमध्ये विलक्षण आकाराच्या चाकांमुळे, म्हणजे कॅममुळे, भार मध्येच शिगेला पोचतो आणि शेवटी एकदम उतरतो. हा उतार बहुधा ६५ ते ८५ टक्क्यांचा असतो. ६० पाउंडांचे धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातात १०-२० पाउंडच उरतात, म्हणून तिरंदाज निवांत नेम धरू शकतो. ओढताना साठलेली ऊर्जा मात्र कुठे जात नाही. दोरी सुटताच ती बाहेर पडते.

ती सगळी बाणाला मिळत नाही. पाती, चाके, केबल आणि दोरी यांनाही हलायचे असते आणि तेही आपला वाटा घेतात. पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने या वाट्याचा हिशेब सोपा करून दाखवला. धनुष्याचे हलणारे भाग म्हणजे जणू बाणाला चिकटलेले एक अदृश्य वजन, असे तो धरतो. बाण जितका हलका, तितका या अदृश्य सोबत्याचा वाटा मोठा. जड बाण धनुष्याकडून जास्त ऊर्जा काढून घेतो, हलका बाण बरीचशी मागे टाकून पळतो. मागे राहिलेली ऊर्जा हादरा आणि आवाज होऊन हातात उतरते.

दोन बाणांचा हिशेब : समजा एका धनुष्यातून ३५० ग्रेनचा बाण ३०० फूट वेगाने सुटतो आणि त्याच धनुष्यातून ५०० ग्रेनचा बाण २५५ फूट वेगाने. पहिल्याची गतिज ऊर्जा सुमारे ९५ ज्यूल, दुसऱ्याची ९८. फरक नाममात्र. पण वजन गुणिले वेग, म्हणजे संवेग काढला तर दुसरा पहिल्याहून २१ टक्के पुढे जातो. आता उलट बाजू पाहावी. हवेचा अडसर वगळला तर ५० मीटर जाताना पहिला बाण सुमारे १४७ सेंटिमीटर खाली येतो, दुसरा २०३. तीस मीटरवरच्या लक्ष्याचे अंतर दोन मीटरने चुकले, तर पहिल्याची चूक जवळजवळ ४ सेंटिमीटरची, दुसऱ्याची ५ ची. हलक्या बाणाचा वेग अंदाजाची चूक झाकतो. जड बाण ती माफ करत नाही.

जाहिरातीत छापलेला वेग वाचताना सावध राहावे. तो बहुधा ७० पाउंड भार, ३० इंच ओढ आणि ३५० ग्रेनचा बाण या अटींवर मोजलेला असतो. स्पर्धेत ६० पाउंडांची मर्यादा आहे आणि ओढ ज्याच्या त्याच्या हातांच्या लांबीवर ठरते. ओढ इंचभर कमी झाली की वेगात सुमारे १० फुटांची घट येते. छापील ३४० चे प्रत्यक्षात २८० होणे यात फसवणूक नाही, अटी वेगळ्या आहेत. तरीही ती छापील संख्याच दुकानात धनुष्य विकते.

किमान वजन : भाराच्या दर पाउंडाला ५ ग्रेन, हा उत्पादकांचा सर्वसाधारण दंडक. ६० पाउंडांना ३०० ग्रेन, म्हणजे एक तोळा आठ मासे. त्याहून हलका बाण लावणे म्हणजे रिकामी दोरी सोडण्याच्या जवळ जाणे; त्यात पाती तडकतात.

शिकारी मंडळींचे मत : अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत या विषयावर दोन तट आहेत. एड अ‍ॅशबी यांनी १९८०च्या दशकात नाताळ प्रांतात मृत प्राण्यांवर बाणांचा अभ्यास केला. त्यातून त्यांनी जड बाणाचा आणि टोकाकडे झुकलेल्या तोलाचा पुरस्कार केला. जाड हाड भेदायचे तर ६५० ग्रेनच्या पुढे जावे, असे त्यांचे म्हणणे. जुन्या मापाने हे साडेतीन तोळ्यांहून अधिक. दुसऱ्या पक्षाच्या मते हरणासारख्या जनावराला एवढ्या वजनाची गरज नाही आणि धारदार पाते योग्य जागी लागणे महत्त्वाचे. ६५० चा आकडा सर्वमान्य नाही. आवाजाबाबत मात्र फारसा वाद नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि बाण ९० च्या आसपास. वीस मीटरवरच्या हरणाच्या कानावर दोरीचा खटका बाणाच्या आधी सेकंदाच्या सहाव्या हिश्श्याने पोचतो आणि ते दचकून खाली दबते. बाण आणखी वेगवान करून आवाजाला गाठता येत नाही. जड बाणाने खटकाच कमी करता येतो.

कायदा : भारतात हा वाद पुस्तकी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने शिकारीवर बंदी घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरल्यासुरल्या परवान्यांचीही वाट बंद केली. अधिनियमातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा नावानिशी उल्लेख आहे. ब्रिटनमध्येही धनुष्याने शिकार करण्यास मनाई आहे.

मैदानावरचा मेळ : स्पर्धेतील कंपाउंड ५० मीटरवर खेळतात. लक्ष्य ८० सेंटिमीटरचे, दहा गुणांचे वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचे, आतले ‘एक्स’ ४ सेंटिमीटरचे. अंतर आधीच ठाऊक असते आणि साइट त्यानुसार लावलेली असते. त्यामुळे अंदाजाची चूक झाकणारा वेग इथे निम्मा निरुपयोगी ठरतो. उरतात दोन शत्रू : वारा आणि बाणाबाणांतील फरक.

दुसऱ्या शत्रूचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एका संचातील दोन बाणांच्या वजनांत ३ ग्रेनचा, म्हणजे दीड गुंजेच्या आसपास फरक असला की वेगात साधारण एका फुटाचा फरक पडतो. २८५ फूट वेगाच्या बाणाला ५० मीटरवर हा एक फूट ११ मिलिमीटर वरखाली करतो. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ४० मिलिमीटर. पावपट त्रिज्या दीड गुंजेने खाल्ली आणि तिरंदाजाचा श्वास अजून यात धरलेलाच नाही. चांगले संच ग्रेनच्या अंशापर्यंत जुळवून विकतात ते यासाठी, आणि गंभीर खेळाडू ते पुन्हा स्वतः तोलून घेतात ते यासाठीच. या खेळात वेग मोजण्याच्या यंत्राचे कौतुक फार होते. त्याच्या तुलनेत दागिन्यांच्या काट्यासारखा काटा कमी मिरवतो, पण गुण जास्त वाचवतो.

वजन वाढवायचे ते कुठे, हा पुढचा प्रश्न. ते टोकाला वाढवले तर बाणाचा तोल पुढे सरकतो आणि उड्डाण स्थिर होते. तोलबिंदू मध्यापासून बाणाच्या लांबीच्या १० ते १५ टक्के पुढे असावा, असा प्रघात आहे. पण टोक जड झाले की सुटण्याच्या क्षणी दांडा जास्त वाकतो, जणू तो मऊच झाला. दांड्याचा हा ताठपणा, म्हणजे स्पाइन, मोजण्याची रीत ठरलेली आहे. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर दांडा ठेवतात आणि मध्ये १.९४ पाउंड, म्हणजे सुमारे ८८० ग्रॅमचे वजन टांगतात. तो ०.३४० इंच वाकला तर त्याचा अंक ३४०. अंक लहान तसा दांडा ताठ. टोकाचे वजन २० ग्रेनने वाढवले की कधीकधी दांड्याचा अंकच बदलावा लागतो. ताठ दांडा पुन्हा जड असतो आणि वेग पुन्हा उतरतो. एक धागा ओढावा तर शेजारचे दोन सैल पडतात. गांधीबागेच्या कापडबाजारात ताणाबाणा ओळखणाऱ्याला हे निराळे समजवावे लागू नये.

वाऱ्यासाठी बारीक व्यासाचे, तुलनेने जड कार्बन दांडे वापरतात. सावकाश गेले तरी ते कमी ढळतात. बंदिस्त सभागृहात १८ मीटरवर वारा नसतो. तिथे उलट जाड दांडे येतात, कारण कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. नियमाने दांड्याची जाडी ९.३ मिलिमीटरपर्यंत चालते.

पिसे : प्लॅस्टिकची, तीन, मागच्या टोकाचे वजन वाढवतात म्हणून लहान ठेवतात.

महाराष्ट्रातील खेळाडू : नागपूरचा ओजस देवतळे आणि सातारा जिल्ह्यातील अदिती स्वामी हे दोघे साताऱ्याच्या दृष्टी अकादमीत प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झाले. त्या मैदानाला उसाच्या शेताची पार्श्वभूमी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत भारताला पहिले जागतिक सुवर्ण महिला कंपाउंड संघाने मिळवून दिले. ज्योती सुरेखा वेन्नम, परनीत कौर आणि अदिती स्वामी यांनी मेक्सिकोला २३५-२२९ असे हरवले. दुसऱ्या दिवशी सतरा वर्षांच्या अदितीने आंद्रेआ बेसेरावर १४९-१४७ अशी मात करून वैयक्तिक विजेतेपद घेतले. त्याच दिवशी ओजसने पोलंडच्या लुकाश प्शिबिल्स्कीविरुद्ध पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात ठेवले. निकाल १५०-१४९. या एका गुणाच्या अंतरातून वर सांगितलेल्या दीड गुंजेचे मोल कळते.

त्याच वर्षी मे महिन्यात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असे हरवले होते. हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ओजसने वैयक्तिक, सांघिक आणि मिश्र अशी तीन सुवर्णपदके जिंकली. वैयक्तिक अंतिम लढत त्याने सहकारी अभिषेक वर्माविरुद्ध १४९-१४७ अशी घेतली. अदितीला तिथे सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य. दोघांनाही २०२३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये ग्वांगजूच्या जागतिक स्पर्धेत ऋषभ यादव, अमन सैनी आणि प्रथमेश फुगे यांच्या संघाने फ्रान्सला २३५-२३३ असे हरवून पुरुष सांघिक सुवर्ण मिळवले. कंपाउंड ऑलिंपिकमध्ये आजवर नव्हते. २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत मिश्र सांघिक प्रकाराने ते येणार आहे.

देशी बाण : विदर्भातील कोरकू, गोंड आणि माडिया समाजांचा तिरकामठा हा वेगळ्या नोंदीचा विषय (पहा : तिरकामठा). राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ हा प्रकार बांबूच्या धनुष्याने खेळतात. तिथे कॅम नाही, साइट नाही, भाराचा उतार नाही. बांबूचा दांडा पेराला एक आणि टोकाला एक अशा जाडीचा. दोन बाण सारख्या वजनाचे मिळणे कठीण, म्हणून जुना तिरंदाज आपला प्रत्येक बाण स्वभावाने ओळखतो आणि कोणता डावीकडे ओढतो ते लक्षात ठेवून नेम धरतो.