हरण्यातला हिशेब

मंडळी, जिंकण्यासाठी केलेल्या लबाडीच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. आज हरण्यातल्या हिशेबाची गोष्ट.

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल स्पर्धेत दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. दुबळ्या संघाने आधी निवडायचं, म्हणजे सगळे तुल्यबळ होतील, हा मूळ हेतू. पण आवळा देऊन कोहळा काढणारे तिथेही आहेतच! हंगाम वाया गेलाच आहे, तर आणखी हरू आणि वरचा नंबर मिळवू. याला टँकिंग म्हणतात.

१९८४ साली ह्यूस्टन रॉकेट्स शेवटच्या १७ पैकी १४ सामने हरले. एका सामन्यात ३८ वर्षांच्या एल्विन हेजला जादा वेळेसह पूर्ण ५३ मिनिटं खेळवलं. तेव्हा दोन विभागांतल्या तळाच्या संघांत नाणेफेक होई. ती ह्यूस्टनने जिंकली आणि हकीम ओलाजुवान मिळवला. मुद्दाम हरल्याचा बोभाटा झाला आणि १९८५ पासून सोडत आली.

१९९७ साली टिम डंकनची सर्वाधिक संधी बॉस्टनला होती. ८२ पैकी १५च सामने जिंकलेल्या बॉस्टनला सोडतीत मिळाले तिसरा आणि सहावा क्रमांक! डंकन गेला सॅन अँटोनियोला. तो संघ खाली घसरला होता तो डेव्हिड रॉबिन्सन जायबंदी झाल्याने. रॉबिन्सन परतला आणि १९९९ साली ते विजेते झाले. घराला खांब आधीच होता, हे विसरू नये.

फिलाडेल्फियाने २०१३ ते २०१६ या तीन हंगामांत २४६ पैकी फक्त ४७ सामने जिंकले. त्यातून एम्बीड, सिमन्स मिळाले. पण २०२५ पर्यंत दुसऱ्या फेरीपलीकडे मजल गेली नाही.

२०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखीच, १४ टक्के संधी ठेवली. २०२५ साली तर अवघी १.८ टक्के संधी असलेल्या डॅलसला पहिला क्रमांक लागला.

मग मुद्दाम हरावं का? कच्च्या मुलासाठी शाळा जादा तास ठेवते. म्हणून कुणी कोरा पेपर द्यावा का? मैदानातले खेळाडू बहुधा जीव तोडूनच खेळतात. दुबळा संघ उतरवतात ते वरचे. खेळाडूच्या उमेदीची वर्षं मोजकी, आणि तिकीट काढणारा तर आजचाच सामना बघायला आलेला असतो. उद्याच्या सोडतीसाठी त्यांचा आज खर्चू नये, असं मला वाटतं.

असो. तुमचं मत जरूर कळवा.