सात जणांची फायनल

शनिवारी रात्री रिलीज आटोपला, झोप येईना, म्हणून 2006 चा ‘ग्लोरी रोड’ पुन्हा बघितला. सिनेमात मसाला बराच आहे, म्हणून रविवारी खरा इतिहास वाचून काढला.. आणि आमचं गोंदियाचं कोर्ट आठवलं. कॉलेजात टीमची यादी कोर्टावर नाही, केबिनमध्ये ठरायची. कोण कसा खेळतो यापेक्षा कोण कुणाचा, हे आधी बघायचे. मी बेंचवर होतो त्याचं काही नाही, पण आमच्यातला सगळ्यात भारी शूटर बाहेर राहिला, ते अजून टोचतं.

तर, टेक्सस वेस्टर्न कॉलेज. गाव एल पासो, मेक्सिकोच्या सीमेवरचं. सीझन 1965-66. कोच डॉन हॅस्किन्स (सिनेमात नवाकोरा दाखवलाय, पण गडी 1961 पासून तिथेच होता). नागरी हक्कांचा कायदा 1964 मध्येच झाला होता, तरी दक्षिणेतल्या बड्या कॉलेजांच्या टीममध्ये कृष्णवर्णीय खेळाडू औषधालाही नसायचा.

हे लोक सीझनभरात एकच मॅच हरले, सिॲटलशी, तीही दोन गुणांनी. मग स्पर्धेत कॅन्सासशी दोनदा जादा वेळ, 81-80! आणि 19 मार्च 1966 ला फायनल. समोर अडॉल्फ रप यांची केंटकी, चार वेळची विजेती, अख्खी टीम गोरी. हॅस्किन्सने सुरुवातीचे पाचही कृष्णवर्णीय उतरवले. फायनलमध्ये असं आधी कधीच झालं नव्हतं. शेवटपर्यंत खेळले सातच जण, सातही कृष्णवर्णीय. बॉबी जो हिलने पहिल्या हाफमध्ये लागोपाठ दोनदा बॉल हिसकावून बास्केट केली, तिथेच केंटकी गडबडली. 72-65.

क्रांती वगैरे आपल्या डोक्यात नव्हती, चांगले होते ते खेळवले, असंच हॅस्किन्स नंतर सांगत राहिला. पण 1969 मध्ये केंटकीनेही पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला.

आपल्याकडे? पाळवणकर बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढल्या, पण जातीपायी ‘हिंदू’ संघाचं कप्तानपद त्यांना कधीच दिलं नाही. ते मिळालं धाकट्या विठ्ठलला, 1923 मध्ये. त्या वर्षी संघ जिंकला!

आमचा शूटर आता आमगावकडे धानाची शेती बघतो. फोन केला तर म्हणतो, “जाऊ दे ना बे, जुनं झालं ते.”

त्याच्यासाठी झालंही असेल. माझ्यासाठी नाही. यादी वाचली गेली तेव्हा मीही गप्पच होतो ना!